बाय-वायरिंग आणि बाय-अ‍ॅम्पिंग: आठ महिने वापरल्यावर

स्पीकरच्या पाठीमागे टर्मिनलच्या दोन जोड्या (एक खालचे सूर वाजवणाऱ्या वूफरची, दुसरी वरचे सूर वाजवणाऱ्या ट्वीटरची) असल्या की दोन्ही वापराव्याशा वाटतात. इथे चार महिने बाय-वायरिंग (एकाच अ‍ॅम्प्लिफायरमधून दोन्ही जोड्यांना वेगवेगळी वायर) झालं, मग चार महिने डेनॉनच्या एव्हीआर-एक्स2700एच रिसीव्हरवर बाय-अ‍ॅम्पिंग (प्रत्येक जोडीला वेगळा अ‍ॅम्प).

बाय-वायरिंगने आवाज बदलला नाही. 2.5 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे साधारण 0.007 ओहम. चार मीटर अंतराला जाऊन-येऊन 0.056 ओहम, 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो काहीच नाही. खरा घोळ जम्परच्या, म्हणजे टर्मिनलच्या दोन जोड्या एकमेकींना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत असतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्या काळवंडतात, नट सैलावतात आणि ट्वीटर मध्येच दबतो. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नट आवळा, किंवा पट्टीऐवजी त्याच वायरचा दहा सेंटिमीटरचा तुकडा लावा. जास्तीची वायर विकत घेण्याआधी एवढं कराच.

बाय-अ‍ॅम्पिंग करताना रिसीव्हरचा प्लग काढून आधी चारही पट्ट्या काढा. एक जरी राहिली तरी दोन अ‍ॅम्पची आउटपुट एकमेकांना भिडू शकतात. नशीब चांगलं असेल तर रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो (स्वतःहून बंद होतो), नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात. रिसीव्हरच्या फ्रंट (पुढच्या स्पीकरच्या) चॅनलची वायर एका जोडीला, सराउंड बॅक (मागच्या स्पीकरच्या) चॅनलची दुसरीला. मेन्यूत अ‍ॅम्प असाइनमध्ये बाय-अ‍ॅम्प निवडा आणि ऑडिसी (खोलीनुसार आवाज जुळवणारी रिसीव्हरमधली सोय) पुन्हा चालवा. तपासायला वूफरकडची वायर (रिसीव्हर बंद करूनच) काढा आणि बारीक आवाजात बातम्या लावा: फक्त ‘स-श’ची सळसळ यायला हवी.

ताकद दुप्पट होते हा समज मात्र सोडा. क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) स्पीकरच्या आतच राहतो, दोन्ही चॅनलना पूर्ण सिग्नल जातो, पॉवर सप्लाय एकच. त्यामुळे आवाज फाटायचा तिथेच फाटतो. वॅट खरोखर दुप्पट झाले असते तरी वाढ 3 डेसिबलचीच. त्यात सराउंड बॅकचे चॅनल गुंतल्याने 5.1.2 अ‍ॅटमॉस (वरून आवाज देणाऱ्या दोन स्पीकरची मांडणी) हातचं जातं. चॅनल रिकामे पडून असतील तर खुशाल जोडा, फुकट आहे. त्यासाठी दुसरा अ‍ॅम्प घेऊ नका.

घेतलाच, तर दोन्ही अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) जुळवावा लागतो. स्पीकर न जोडता 400 हर्ट्झचा टोन वाजवा आणि मल्टिमीटरने दोन्ही आउटपुटचे एसी व्होल्ट मोजा. एकीकडे 2 आणि दुसरीकडे 2.83 आले तर 3 डेसिबलची तफावत आहे. ट्वीटर कर्कश वाजेल किंवा दबेल. एक टक्क्याच्या आत येईपर्यंत जास्त गेनच्या अ‍ॅम्पचा नॉब उतरवा. नॉबच नसेल तर त्या दोन अ‍ॅम्पची जोडी सोडून द्या.