सागाची सात झाडं पाडली आणि मालक भलताच निघाला

मी सांगली, मिरज, कुपवाड या भागात झाडं छाटायची आणि पाडायची कामं घेतो, अकरा वर्षं झाली. चार माणसं, झाड कापायची साखळीची दोन मशीन, एक १८ इंची पट्टीचं मोठं आणि एक वर चढून चालवायला हलकं, दोर, बेल्ट, हेल्मेट आणि एक जुना छोटा हत्ती, एवढाच पसारा. बंगल्यावर झुकलेला नारळ, वायरीत घुसलेला गुलमोहोर, कंपाऊंडची भिंत फोडणारा उंबर, असली कामं. यंदाच्या मे महिन्यात मला एका माणसानं फसवलं ते सगळं इथं लिहितोय, कारण नंतर चौकशी केली तर आमच्याच धंद्यातल्या आणखी दोघांना तसाच फोन आलेला, त्यातला एक वाचला आणि एक माझ्यासारखाच अडकला.

मे म्हणजे आमचा सीझन. वळवाचा वारा सुटला की सगळ्यांना आपल्या दारातलं झाड आठवतं, दिवसाला पंधरा-वीस फोन येतात, बघायला जायलाच वेळ पुरत नाही. अशात एका गुरुवारी संध्याकाळी फोन आला. बोलणं एकदम व्यवस्थित, आवाजात घाई नाही. म्हणाला, दादा तुमचं काम आमच्या पाहुण्यांकडं बघितलंय, कुपवाड रोडच्या बाजूला आमचा जुना प्लॉट आहे, मागं सागाची सात झाडं आहेत आणि एक चिंच, घर पाडून नवीन बांधकाम काढायचंय, झाडं काढून द्या. शुक्रवारी बघायला गेलो. गेटला नवंकोरं कुलूप, चावी त्याच्या खिशात, आत पडकं कौलारू घर आणि मागं एका ओळीत साग. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचे कपडे, हातात फाईल. मालक असाच दिसतो ना. आता विचार केला तर गंजलेल्या गेटला नवं कुलूप हे तेव्हाच डोळ्यात खुपायला पाहिजे होतं.

मी ३२,००० मजुरी सांगितली. लाकूड त्याचं, घराच्या दारं-चौकटीला वापरणार म्हणाला. आता आमच्याकडं ३२ सांगितले की माणूस २२ पासून सुरू करतो, मग चहा होतो, मग २७-२८ ला जमतं, ही अकरा वर्षांची पद्धत. हा एका शब्दात हो म्हणाला. मला बरं वाटलं, म्हणलं चला, माणूस समजूतदार आहे. तिथंच ५,००० ऑनलाईन टाकले, फोन वाजला, पैसे खरंच जमा झाले. हे पाच हजारच सगळ्यात महाग पडले मला, कारण ते आल्यावर मी प्रश्न विचारायचं बंद केलं.

परवानगीचं मी विचारलं होतं, तेवढा मी कच्चा नाही. त्यानं लगेच व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली. महापालिकेचं नाव, जावक क्रमांक, गोल शिक्का, खाली सही. मोबाईलच्या स्क्रीनवर बघितलं, झूम करून शिक्का बघितला आणि समाधान मानलं. काम शनिवार-रविवारीच करायचं, मला सोमवारी साईटवर जेसीबी बोलवायचाय, असं त्यानं सांगितलं. शनिवार-रविवार म्हणजे ऑफिस बंद, कुणाला फोन करून विचारायची सोय नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

शनिवारी सकाळी सातला सुरू केलं. दोन वळीव होऊन गेलेले त्यामुळं सागाला नवीन पाला फुटलेला, तो कोवळा पाला चुरगळला की हात लाल होतात हे ज्यांनी सागात काम केलंय त्यांना माहीत आहे, अकरा वाजेपर्यंत पोरांचे तळवे कुंकवात बुडवल्यासारखे झाले होते. शेजारच्या बंगल्यातल्या काकू गच्चीत आल्या आणि म्हणाल्या, अहो हे काय चाललंय, परवानगी आहे का? मी मोबाईल वर करून दाखवला आणि म्हणलं, काकू सगळं रीतसर आहे, मालक इथंच आहेत. त्या गप आत गेल्या. काकूंना मी जे बोललो ते आठवलं की अजून रात्री झोप मोडते, त्या बाईंनी मला थांबायची संधी दिली होती आणि मी ती हसून घालवली.

आणि एक गोष्ट झाली ती नीट सांगतो कारण माझ्या मते सगळा प्रकार तिथंच उघडा पडला होता. कुठल्याही घराजवळच्या झाडाला मशीन लावायच्या आधी मी मालकाला विचारतो, खोडात खिळा-तार काही ठोकलीय का. जुन्या झाडात खिळे, बिजागऱ्या, पत्र्याच्या पाट्या, काहीपण निघतं, झाड वाढता वाढता ते पोटात घेतं आणि बाहेरून फक्त एक वळ दिसतो. साखळी त्यावर बसली की दात जातात आणि कधी तुटून अंगावर येते. यालाही विचारलं. तो झाडाकडं न बघता म्हणाला, नाही नाही, काही नाही. तिसरा साग पाडला, तुकडे करायला घेतले, बुंध्यापासून पाच-साडेपाच फुटावर मशीन लावलं आणि ठिणग्या उडाल्या. आत जाड तार, दोन पदरी पिळलेली, दीड-दोन इंच आत गेलेली. नवीन साखळी, एक पूर्ण बाजू बोथट झाली, गोल कानस घेऊन पाऊण तास बसलो तरी धार आली नाही, शेवटी दुसरी चढवली. मी त्याला तार दाखवली तर म्हणाला, असेल कुणीतरी बांधलेली. कुणीतरी? स्वतःच्या परसातल्या झाडात तार आहे हे घरच्या माणसाला माहीत नाही? पण तेव्हा मी साखळीच्या पैशाचा विचार करत होतो.

रविवारी दुपारी सातही साग झोपले. त्याचा टेम्पो शनिवारीच एक खेप नेऊन आलेला, रविवारी दुसरी भरली. चिंच राहिली, तर म्हणाला चिंच नंतर बघू. घर बांधायचंय म्हणणारा माणूस प्लॉटच्या मधोमध असलेली चिंच सोडतो आणि कडेचा साग तेवढा नेतो. सागाचा हिशोब आमच्या लाईनीत सगळ्यांना तोंडपाठ असतो, घेर इंचात घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा, त्याला त्यानंच गुणायचं, मग फुटातल्या लांबीनं, आणि १४४ नं भागायचं. यातल्या एका झाडाचा सरासरी घेर ४० इंच आणि कामाची लांबी १६ फूट धरली तरी ११ घनफुटाच्या वर जातं, म्हणजे सात झाडांचं पाऊणशे घनफूट आणि वर फांद्यांचं वेगळं. हजार रुपये घनफूट धरा, कमीच धरतोय. पाच हजार टाकून त्यानं एवढं लाकूड उचललं.

पैसे मागितले तर समोर उभा राहून मोबाईलवर काहीतरी केलं आणि स्क्रीन दाखवली, हिरवी टिक, २७,००० सक्सेसफुल, माझं नाव. स्क्रीनशॉटही पाठवला. माझ्याकडं मेसेज नाही. म्हणाला रविवार आहे, सर्व्हर डाऊन असेल, तासाभरात पडतील. यूपीआयला कसला आलाय रविवार, पण दोन दिवस उन्हात काम करून डोकं चालत नव्हतं, पोरं थकलेली, मी गाडी काढली. नंतर स्क्रीनशॉट बघितला तर यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, अकरा आकडी होता. खरा बारा आकडी असतो, आपल्या कुठल्याही जुन्या पेमेंटमध्ये बघा. असली खोटी पावती बनवणारी ॲप आहेत, नाव आणि रक्कम टाकली की तशीच स्क्रीन तयार होते. समोरच्याच्या मोबाईलवर काय दिसतं ते बघूच नका, आपल्या खात्यातला बॅलन्स बघा. रात्री नऊला त्याचा फोन स्विच ऑफ. पोरांची मजुरी, पेट्रोल, ऑइल, साखळी धरून माझे १३,००० च्या आसपास गेलेले, ते मी खिशातून दिले, पोरांचा काय दोष.

मला वाटलं एवढ्यावर भागलं. सोमवारी दुपारी दुसऱ्या साईटवर असताना अनोळखी नंबरवरून फोन. काकूंनी माझ्या गाडीवरचा नंबर लिहून ठेवलेला आणि खऱ्या मालकांना पुण्याला कळवलेलं. रिटायर्ड मास्तर. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, मी प्लॉटवर उभा आहे, तुम्ही या. गेलो. ते एका बुंध्याच्या कापावर हात ठेवून उभे होते, काप अजून ओला होता. मी सगळं सांगितलं, पीडीएफ दाखवली, रडायलाच आलं मला. त्यांनी पडलेल्या फांद्यांतून एक तुकडा उचलला, त्यात ती तार होती, आम्ही कापून बाजूला टाकलेली. म्हणाले, ही वडलांनी बांधलेली, आई यावर धुणं वाळत घालायची.

पुढं पोलीस ठाणं, जबाब, पंचनामा. माझं मोठं मशीन मुद्देमालात जप्त. कायदा असा आहे की शहरात १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा अधिनियम लागतो आणि त्यात झाड तोडणारा आणि तोडायला लावणारा दोघंही येतात. मला माहीत नव्हतं, मला फसवलं, याचा उपयोग जबाबात होतो, पण गुन्ह्यातून लगेच नाव निघत नाही. मास्तरांनी लिहून दिलं की हा माणूस स्वतः फसलाय, त्यामुळं निभावलं, तरी मशीन सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, परत मिळायला पाच आठवडे गेले आणि तोवर पाऊस सुरू होऊन सीझन संपला. टेम्पोचा नंबर मी घेतला नव्हता. आमच्या चढणाऱ्या पोरानं वरून रील काढलेली त्यात अर्धा नंबर दिसत होता, त्यावरून पोलिसांनी टेम्पो शोधला, ड्रायव्हर म्हणतो मला पण भाड्यानं बोलवलेलं, माल रस्त्यातच दुसऱ्या गाडीत भरला. पाच हजार ज्या खात्यावरून आले ते तिसऱ्याच माणसाचं. तपास चालू आहे म्हणतात.

महापालिकेच्या उद्यान विभागात मी स्वतः गेलो ती पीडीएफ घेऊन. तिथल्या साहेबांनी रजिस्टर काढलं, त्या जावक क्रमांकाचं पत्र दुसऱ्याच भागातल्या एका अशोकाच्या फांद्या छाटायचं निघालं, तारीख आणि पत्ता बदलून वापरलेलं. ते म्हणाले, तुम्ही झाडावर नोटीस बघितली का? तोडायच्या परवानगीचा अर्ज आला की पेपरात जाहिरात द्यावी लागते आणि झाडावरच हरकतीची नोटीस डकवावी लागते. अकरा वर्षं काम करतोय, अशा नोटिसा शंभर वेळा बघितल्यात, आणि त्या सातही खोडांवर एक कागद काय, कागदाचा डिंकसुद्धा नव्हता. भाऊ, जे कुणी हे काम करता त्यांनी खोड बघा, फक्त मोबाईल बघू नका. परवानगीसाठी अनामत भरल्याची पावती मागा, आणि जावक नंबर घेऊन ऑफिसला जा, दहा मिनिटांचं काम आहे. शनिवारी-रविवारीच करा म्हणणाऱ्याला सोमवार सांगा, खरा मालक थांबतो.

जागेचं पण तसंच. प्रॉपर्टी कार्ड किंवा गावात असेल तर सातबारा, हे महाभूलेख या सरकारी वेबसाईटवर घरबसल्या दिसतं, त्यावरचं नाव आणि समोरच्याचं आधार जुळतं का बघायचं. साग असेल तर आणखी एक, वनखात्याचा हॅमर, म्हणजे ओंडक्यावर मारलेला ठसा, आणि वाहतूक पास नसताना साग रस्त्यावर आणता येत नाही. तो टेम्पो दोन वेळा माझ्या डोळ्यासमोर भरला आणि मी पास विचारला नाही, लाकूड त्याचं, आपल्याला काय, असं म्हणलं. आपल्यालाच सगळं असतं. आता टेम्पोचा फोटो काढल्याशिवाय एक ओंडका उचलू देत नाही आणि पूर्ण पैसे खात्यात दिसल्याशिवाय गाडी गेटच्या बाहेर जात नाही. एक-दोन गिऱ्हाईकं यावरून नाराज होऊन गेली, गेली तर गेली.

आणि ज्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी ऐकूनही ऐकलं नाही, तो आता सगळ्यांना विचारतो. हे झाड कुणी लावलं? याला झोपाळा होता का, खिळा कुठं मारलाय, मोहोर कधी येतो? घरचा माणूस असेल तर बोलायला लागतो, थांबतच नाही. परवा मिरजेत एका आजींनी आंब्याखाली मला अर्धा तास उभं केलं, त्याच्या कुठल्या फांदीवरून त्यांचा थोरला पडला ते दाखवायला. त्यांचा सातबारा नंतर बघितला, पण मला तिथंच पटलं होतं.

मास्तरांना मी नुकसानीचे पैसे देतो म्हणलं, हप्त्यानं का होईना. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, तुम्हाला झाडातलं कळतं ना, मग या बुंध्यांचं काही होतंय का बघा. त्या माणसानं जास्त लाकूड मिळावं म्हणून जमिनीलगत कापून घेतलेलं, आणि साग असा खाली, स्वच्छ कापला की बुंध्यातून परत फुटतो. जुलैत गेलो तर सातातल्या पाच बुंध्यांना फुटवे आलेले, एकेकाला आठ-दहा. प्रत्येकाचा एक सरळ, जोमदार ठेवला, बाकीचे काढले, कडेनं कुंपण घातलं. ऑगस्टअखेर सगळ्यात उंच फुटवा माझ्या छातीला लागत होता. उरलेल्या दोन बुंध्यांतल्या एकाची साल सुटायला लागलीय, दुसऱ्याचं अजून सांगता येत नाही, दिवाळीनंतर परत जाऊन बघणार आहे.