बेवारस मिलिटरी स्पेअर ओळखून देणारा गाळा, अक्कलकोट रोड

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवाल्यांच्या ओळीत हा गाळा आहे. पाटी नाही. काम एकच: लष्कराच्या जुन्या ट्रकांचे, लिलावातून भंगारात आणि भंगारातून आपल्या हातात आलेले भाग ओळखून द्यायचे. नगाला २०० रुपये, ओळख पटली नाही तर पैसे घेत नाहीत. पाच नग दिले होते. तिघांची ओळख चोख निघाली, एक अर्धवट, एक चुकला.

अशा सेवेची गरज का पडते, ते एक पोतं उपसलं की कळतं. महायुद्धातले जीएमसी आणि डॉज, इंग्लंडचे बेडफर्ड, कॅनडाचे फोर्ड-शेव्हरोले, नंतरचे जबलपूरचे शक्तिमान आणि निसान, सगळ्यांचे तुकडे एकाच हिरव्या रंगाखाली. इंचातले दोन-तीन प्रकारचे आटे आणि मिलिमीटरचे वेगळेच.

इथली पहिली चांगली गोष्ट म्हणजे धुण्याची पद्धत. रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश, बस. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावत नाहीत, कारण उथळ ठोकलेला नंबर दोन फेऱ्यांत गायब होतो. मग खडू चोळतात आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरतात. आकडे सावलीत उठून दिसतात.

त्यानंतर प्रश्न येतो नंबर उठावाचा आहे की ठोकलेला. उठावाचा नंबर साच्यातून आलेला असतो, म्हणजे तो कच्च्या ओतीव तुकड्याचा. त्याच ओतीवावर वेगळी भोकं, वेगळं मशीनिंग करून दोन-तीन निराळे भाग निघतात. पार्ट नंबर बहुतेक वेळा मशीन केलेल्या जागेवर ठोकलेला सापडतो, नाहीतर पाकिटावर. बाण दिसला तर माल ब्रिटिश सरकारचा, सी अक्षराच्या पोटात बाण असेल तर कॅनडाचा. फोर्डने महायुद्धातल्या जीपच्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा आपला एफ ठोकला आहे.

पाकिटावर नाटोच्या पद्धतीचा १३ आकडी साठा-नंबर असेल तर अर्धं काम झालं. पहिले चार आकडे मालाचा गट सांगतात: २५२० गिअरबॉक्स-क्लचकडचा माल, २५३० ब्रेक-स्टिअरिंग-अ‍ॅक्सल, २९२० इंजिनची वायरिंग-सेल्फ, ५३३० सील आणि गॅस्केट. पुढचे दोन देशाचे: ०० आणि ०१ अमेरिका, १२ जर्मनी, ७२ भारत, ९९ ब्रिटन. अमेरिकेच्या १९७४ आधीच्या पाकिटांवर ११ आकडे, त्यात देश नाही. इथे बरेच जण फसतात. देशाचा आकडा ज्या देशाने त्या वस्तूला नंबर दिला त्याचा असतो, ट्रकचा नव्हे. १२ वाचून बेअरिंग जर्मन ट्रकचंच असं धरू नये. गाळ्यातल्या मेस्त्रींना हे पक्कं माहीत आहे, आणि पाकीट फोडून आतला माल मापल्याशिवाय ते ओळखीची चिठ्ठी लिहीत नाहीत.

खरी हातोटी आट्यांत दिसली. "मालक, नंबर नंतर बघू, आधी आटा दाखवा की," हे त्यांचं वाक्य. अर्ध्या इंचाला अमेरिकन जाड आटा इंचाला १३, व्हिटवर्थ म्हणजे जुना ब्रिटिश आटा १२. पिच गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पाती, लगेच बोलतो. पण ३/८ ला दोन्ही १६. फरक कोनात: व्हिटवर्थ ५५ अंश, अमेरिकन ६०. नट हाताने चढतो, घट्ट केल्यावर आट्याच्या बाजू पूर्ण टेकत नाहीत आणि भार आला की आटा सोलतो. म्हणून गेजची पाती उजेडासमोर धरून फट बघतात. ५/१६ आणि ८ मिलिमीटरचंही असंच. नट दोन वेढे जातो आणि अडतो, आपले लोक तिथे पान्याला पाइप लावतात.

दिलेला क्राउन-पिनिअन, म्हणजे अ‍ॅक्सलमधली दातेरी चक्रांची जोडी, जीपचा होता. खडूची खूण करून दाते दोनदा मोजले: ४३ आणि ८, म्हणजे ५.३७५. युद्धकाळच्या जीपला ३९ आणि ८, म्हणजे ४.८७५; ४३-८ नंतरच्या सिव्हिल जीपचा. एक पुढे, दुसरा मागे बसवला तर चाकांच्या फेऱ्यांत १० टक्के तफावत पडते. फोर-व्हील टाकून डांबरी रस्त्यावर गेलात की ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, ताणून बसतो आणि लिव्हर निघत नाही. दोन्हींवर कोरलेला जोडीचा नंबर जुळतोय का, हेही त्यांनी न सांगता पाहिलं.

चाक बसतं त्या पाच भोकांच्या हबचं माप तसंच नेमकं. मापायचा असतो भोकांच्या वर्तुळाचा व्यास. समोरासमोर भोक नसल्याने शेजारच्या दोन भोकांचं अंतर डाव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत घेऊन ०.५८८ ने भागायचं. अंतर ८२.१ मिलिमीटर आलं, भागून १३९.६, म्हणजे साडेपाच इंच, जीपचा हब.

आता तक्रारी. हाफ शाफ्टच्या, म्हणजे अ‍ॅक्सलमधून चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, चिठ्ठीवर नुसतं "जीएमसी" लिहिलं. त्या अडीच टनी ट्रकला स्प्लिट आणि बॅन्जो अशा दोन घडणींचे अ‍ॅक्सल येत, आणि शाफ्ट एकमेकांत चालत नाहीत. लांबी, स्प्लाइन (टोकावरच्या खाचा) आणि फ्लँजची (टोकाच्या चकतीची) भोकं लिहिल्याशिवाय ती चिठ्ठी रद्दी. डायनामो नुसत्या अंगावरून १२ व्होल्टचा ठरवला. प्लेट गेलेली होती, बेंचवर फिरवून पाहिलं असतं तर ६ व्होल्ट कळले असते. बॉडी दोन्हींची सारखीच दिसते. विजेचा माल इथे नेऊ नये.

विक्रीला ठेवलेले बंद पाकिटातले ब्रेकचे रबरही घेऊ नयेत. पाकीट बंद असलं तरी रबर म्हातारं होतंच, त्यात सोलापूरचा मे आणि वर पत्र्याचं छप्पर. नमुना म्हणून ठीक, गाडीत नाही.

जाताना भाग पॉलिश करू नका, भोकात अडकलेले बोल्ट काढू नका, शेजारचा तुकडा असेल तर तोही न्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो घेतात, पण बाजूला स्टीलची पट्टी हवी आणि कॅमेरा बरोबर वरून. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत जानेवारीत गाळा बहुधा बंद असतो, आधी फोन करून निघा.