पॅरिस–स्वित्झर्लंड–इटली की प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट?

मे महिन्याच्या सुट्टीत युरोपचा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. एकाला पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम हवं असतं. दुसरा म्हणतो, ते सगळेच करतात, आपण प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट करू. दोन्हींना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) एकच आणि दोन्ही ट्रेनने होतात. खरा फरक कळतो तो तिथे उतरल्यावर.

आधी पैशांचं बोलू. पहिल्या मार्गाचं बजेट पॅरिस नाही, स्वित्झर्लंड फोडतं. ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला, म्हणजे बर्फातल्या डोंगरावरच्या रेल्वे स्टेशनला, खालच्या इंटरलाकेन गावाहून जाऊन यायचं तर सवलतीशिवाय माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातात. हाफ फेअर कार्डाने, म्हणजे तिथल्या विकत घ्यायच्या सवलत कार्डाने, हे भाडं निम्मं होतं, म्हणून चौघांचं कुटुंब असेल तर आधी त्याचा हिशेब मांडा. तिकीट आगाऊ काढून ठेवू नका. वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र नेटवर दिसतं, ते सकाळी बघा आणि मगच पैसे भरा. ढग असले तर वर पांढऱ्या भिंतीशिवाय काहीही दिसत नाही.

याउलट प्राग आणि बुडापेस्टमध्ये राहणं-खाणं बरंच स्वस्त पडतं, व्हिएन्ना मधल्यामध्ये. फक्त चलनं तीन: प्रागला कोरुना, व्हिएन्नाला युरो, बुडापेस्टला फोरिंट. कार्ड सगळीकडे चालतं, पण मशीनने ‘रुपयांत की कोरुनात?’ विचारलं तर डोळे मिटून कोरुना निवडा. रुपयांचा दर ते त्यांच्या सोयीने लावतात.

प्रवासाच्या बाबतीत दुसरा मार्ग सरळसरळ जिंकतो. प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीनच्या आत. गावं तीन, म्हणजे बॅगाही तीनदाच उघडायच्या. पहिल्या मार्गावर पॅरिस ते झुरिकच चार तास, पुढे इंटरलाकेनला आणखी दोन, मग मिलानमार्गे व्हेनिस आणि तिथून रोमला जवळपास चार. फ्रान्सची वेगवान टीजीव्ही गाडी आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना सीटचं आरक्षण सक्तीचं आहे, युरेल पास (अनेक देशांच्या ट्रेनचा एकच पास) असला तरी त्याचे पैसे वेगळे.

व्हेनिसबद्दल तर ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील त्यांनी नीट विचार करावा. सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरलात की समोर थेट ग्रँड कॅनॉल. रिक्षा नाही, टॅक्सी म्हणजे बोट, आणि हॉटेल ‘फक्त तीन पुलांवर’ असेल तर प्रत्येक पुलाला पायऱ्या. चोवीस किलोची ट्रॉली बॅग उचलून चढवायची आणि पलीकडे उतरवायची. वापोरेत्तोचं, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीचं, एक तिकीट ९.५० युरो. त्यापेक्षा मेस्त्रेला, म्हणजे जमिनीवरच्या शेजारच्या भागात, राहावं, ट्रेनने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस.

शिवाय पहिल्या मार्गाला तिकिटांची शिस्त लागते. आयफेलच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात, कोलोसियमची ३० दिवस आधी, तीही नावासकट. पॅरिसचं लूव्हर संग्रहालय मंगळवारी बंद, १ मेलाही बंद. प्रागचा चार्ल्स ब्रिज फुकट आहे, फक्त पहाटे जा. दहा वाजले की दादर स्टेशनचा पूल होतो. बुडापेस्टमध्ये दोन नंबरची ट्राम पकडा: साध्या तिकिटात डॅन्यूबच्या काठाने संसद, साखळी पूल आणि समोरचा बुडा किल्ला. १८९६ ची मेट्रोही तिथेच आहे, आजही रोज धावते.

शाकाहारी लोकांसाठी इटली सगळ्यात सोपं. प्रागमध्ये तळलेलं चीज, बुडापेस्टमध्ये लांगोश (तळलेली जाड पोळी), व्हिएन्नात फलाफेल असं भागतं, पण आजी-आजोबांना रोज तळलेलं चालणार नाही. अपार्टमेंट घ्या, खिचडी-मेतकूट न्या. आणि व्हिएन्नात भाजी शनिवारीच भरून ठेवा, रविवारी मोठ्या स्टेशनांवरची सोडली तर सुपरमार्केट बंद असतात.

माझं मत विचाराल तर स्वतःहून आखलेली पहिलीच ट्रिप, मुलं दहा-बाराच्या पुढची, चालायची तयारी असेल तर प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट. आईबाबांना एकदाच नेणार असाल तर मात्र पहिला मार्ग, कारण बर्फाच्या डोंगरांची भरपाई व्हिएन्नाचे राजवाडे करत नाहीत. पण त्यातलं एक गाव काढा. मी पॅरिस काढीन: झुरिकला उतरायचं, रोमहून परतायचं. घरात यावर भांडण होणार हे गृहीत धरा.

भांडण फेब्रुवारीच्या आत मिटवा. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि मेसाठीच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात. अर्ज ज्या देशात मुक्काम जास्त त्याच्याकडे. मुक्काम समान असतील तर आधी ज्या देशात शिरणार त्याच्याकडे. म्हणून हॉटेलं बुक करतानाच एका देशाची एक रात्र वाढवून टाका.