मोठ्या शहरातलं कॉलेज: तीन सेमिस्टरनंतरचा अनुभव

संख्याशास्त्राच्या पदवीसाठी मोठ्या शहरात आले, त्याला आता तीन सेमिस्टर झाली. प्रवेश घेताना मी विषय, शिक्षक, आधीचे निकाल, कॉलेजचं नाव असं सगळं तपासलं होतं. राहायची जागा कॉलेजपासून किती लांब आहे हा मुद्दा मात्र यादीत सगळ्यात खाली होता. आता कुणी सल्ला विचारला तर मी सुरुवातच तिथून करते.

पहिली दोन सेमिस्टर आत्याकडे राहिले, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिने कशाचीच उणीव भासू दिली नाही. पण जायला दीड तास आणि यायला दीड तास लागायचा. म्हणजे आठवड्याला १५ तास, आणि १६ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये २४० तास नुसते प्रवासात. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४मध्ये मांडलं होतं की माणूस रोजच्या ये-जा करण्यावर सरासरी तासभर खर्च करतो. वाहनं वेगवान झाली की वस्ती लांब पसरते, वेळ तेवढाच राहतो. मी त्याच्या तिप्पट घालवत होते. शेवटचा तास संपला की माझी नजर घड्याळावर जायची, कारण पुढची गाडी चुकली की घरी पोहोचायला रात्र व्हायची.

त्यामुळे झालं असं, की ज्या शहरासाठी मी आले होते ते मला भेटतच नव्हतं. कॉलेजपासून दहा मिनिटांवर एक संशोधन संस्था आहे. तिथे दर बुधवारी संध्याकाळी सहाला खुलं व्याख्यान असतं, नाव नोंदवावं लागत नाही, कुणीही जाऊन बसावं. पूर्ण वर्षात मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आधी उठले. हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या सेमिस्टरला मी कॉलेजपासून चालत बारा मिनिटांवरच्या वसतिगृहात आले. खोली लहान, दोघींत एक, आणि खर्च वाढला. घरच्यांना पटवायला वेळ लागला. मी त्यांच्यासमोर २४० तासांचा हिशेब ठेवला, तेव्हा बाबा तयार झाले.

बुधवार आता पूर्ण माझा होता. पहिल्या तीन व्याख्यानांना कुणी माझ्याशी बोललं नाही. चौथ्याला लवकर पोहोचले, म्हणून आयोजकांनी खुर्च्या लावायला हाक मारली. सहाव्याला शेजारी बसणाऱ्या, पीएचडी करणाऱ्या ताईने विचारलं, "तुला आर येतं का?" आर ही आकडेवारीच्या कामाची संगणकभाषा, आम्हाला अभ्यासक्रमातच आहे. तिच्या गटाकडे रुग्णांच्या नोंदी तपासायचं काम पडलं होतं. सुट्टीतले सहा आठवडे मी ते केलं.

त्या सहा आठवड्यांत जे शिकले ते पुस्तकातून मला कळलं नसतं. नोंदींमध्ये 'धूम्रपान' हा रकाना बऱ्याच ठिकाणी कोरा होता. मी सरळ 'नाही' धरून पुढे गेले. ताईने मला थांबवलं आणि मूळ फॉर्म दाखवले. एका दवाखान्यात उत्तर 'नाही' असेल तर रकाना कोरा सोडायची पद्धत होती, दुसऱ्या दवाखान्यात हा प्रश्नच विचारला जात नव्हता. कोरेपणा सारखाच, अर्थ मात्र वेगवेगळे. वर्गात आम्हाला जो डेटा मिळतो तो कुणीतरी आधीच स्वच्छ केलेला असतो.

हे काम मला जिवलग मैत्रिणीकडून मिळालं नाही, तसं ते मिळालंही नसतं, कारण तिला जे माहीत असतं ते मलाही माहीत असतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोवेटर यांनी १९७३च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नेमकं हेच दाखवलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की ज्याने माहिती दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के निघाले. मोठ्या शहरात मिळतात त्या अशाच अर्ध्या ओळखी. पण त्यासाठी एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसावं लागतं. व्याख्यानं आता ऑनलाइनही बघता येतात, मी बघतेही. ती संपल्यावर दाराशी रेंगाळणारी दहा मिनिटं तिथे नसतात.

आता खटकलेल्या गोष्टी. आमच्या वर्गात इतकी गर्दी आहे की दोन शिक्षक सोडले तर कुणाला माझं नाव माहीत नाही. शंका विचारायला रांग असते. चांगल्या इंटर्नशिपच्या एका जागेसाठी सगळ्या कॉलेजांतून अर्ज जातात, माझे चार अर्ज उत्तराशिवाय राहिले. २००७मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि सहकाऱ्यांनी शहरांची आकडेवारी मांडली, त्यात शहर जितकं मोठं तितकं दरडोई उत्पन्न आणि दरडोई नवे शोध वाढलेले दिसतात. पण गंभीर गुन्हेही जवळपास तसेच वाढतात. संधी एकटी येत नाही.

आणि एकटेपणा. दुसऱ्या महिन्यात मी फोनवर आईशी बोलताना रडले होते. गर्दीत राहून असं का वाटतं ते तेव्हा समजत नव्हतं. वसतिगृहात आल्यावर हे बरंच कमी झालं. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी १९५०मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच मजल्यावर शेजारच्या दारातल्या जोड्यांपैकी ४१ टक्के जवळचे मित्र होते, दोन दारं पलीकडच्या २२ टक्के, मजल्याच्या दोन टोकांच्या फक्त १० टक्के. म्हणून वसतिगृह मिळत असेल तर घ्याच, आणि निवड असेल तर येण्याजाण्याच्या वाटेवरची खोली मागा.

ज्यांना रोज अडीच-तीन तास प्रवास करूनच शिकावं लागणार आहे आणि जवळ राहण्याचा कोणताच मार्ग नाही, त्यांनी लहान ठिकाणच्या चांगल्या कॉलेजचा मनापासून विचार करावा. तिथे शिक्षक नावाने ओळखतात, आणि संध्याकाळ हातात राहते. मी स्वतः मात्र पुन्हा इथेच येईन, फक्त पहिल्या दिवसापासून जवळ राहीन.

पुढच्या सेमिस्टरसाठी तीच खोली ठेवली आहे. बुधवारी साडेपाचला खुर्च्या लावायला आता मीच जाते.