परवान्याचे तेरा आकडे

तीस वर्षं मी नागपूरच्या इतवारीतल्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. जीएसटी नंबरात एक आकडा कमी दिसला की बिल बाजूला काढून ठेवणारा माणूस मी. त्यामुळे हे लिहायला लाज वाटते. पण मानेवाड्याच्या आमच्या गल्लीत आणखी चार घरांत यकृताच्या गोळ्यांच्या त्याच डब्या निघाल्या, म्हणून लिहितो.

दिवाळीआधी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी निघाली, ग्रेड टू. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ६८. दारूचा थेंब नाही, पण सकाळी तर्री-पोहे, रविवारी सावजी आणि दिवसभर बैठक. डॉक्टर म्हणाले, "वजन ८४ आहे, सहा ते आठ किलो उतरवा." गोळी एकही लिहून दिली नाही. मला ते पटलंच नाही. फी घेतली आणि औषध नाही, हे कसले डॉक्टर! तिथंच मी अर्धा फसलो होतो.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत यकृत तपासणी शिबिर लागलं. धातूची दांडी मुठीत धरायची, मिनिटभरात लॅपटॉपला जोडलेल्या प्रिंटरमधून २८ पानं बाहेर! यकृत, किडनी, मेंदूचा रक्तपुरवठा, सगळं त्यात. रक्ताचा थेंब कुणी घेतला नाही. शेजारच्या वहिनींनी गडबडीत दोनदा दांडी धरली, तर पहिल्यांदा यकृत खराब आणि दुसऱ्यांदा ठणठणीत. आम्ही हसलो, आणि रांगेत उभे राहिलो.

टेबलामागचा पोरगा मात्र बोलण्यात पक्का. "काका, हळदीतलं कर्क्युमिन यकृताची सूज उतरवतं, दारुहळदीतलं बर्बेरिन पेशींना चरबी जाळायला लावतं, मिल्क थिसलमधलं सिलिमरिन पेशींचं रक्षण करतं. मिऱ्यातल्या पाइपरिनमुळे कर्क्युमिनचं शोषण २० पट वाढतं, हे १९९८ सालीच बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलंय." मी घरी येऊन मोबाइलवर शोधलं. बंगळुरूचा अभ्यास खरा निघाला. बाकीच्या द्रव्यांवरही संशोधन सुरूच आहे. मग काय, विश्वास बसला. मिल्क थिसल मेळघाटातून आणतो म्हणाला, तेही मानलं. ते झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठचं, हे नंतर कळलं.

तीन महिन्यांच्या तीन डब्या, १३,५०० रुपये, वर तांब्याची बाटली फुकट. बिल कच्चं. बायको म्हणाली, "अहो, हळद तर आपल्या डब्यात पण आहे ना!" मी तिलाच शोषण समजावून सांगितलं.

सातव्या आठवड्यात अंगाला खाज सुटली, लघवी काळ्या चहासारखी. पोराला फोन केला. "काका, विष बाहेर पडतंय. डोस डबल करा." मी पाच दिवस डबल केला, बाप्पा! सहाव्या दिवशी खिडकीशी दाढी करत होतो, तेव्हा बायकोला माझे डोळे पिवळे दिसले.

एसजीपीटी ५४०. रामदासपेठेतल्या पोटविकार तज्ज्ञांनी आधी डबी मागितली, मग माझा हात. म्हणाले, त्या द्रव्यांचे गुण बऱ्याच अंशी पेशींवर आणि उंदरांवर दिसलेत. माणसांवरच्या चाचण्या छोट्या आहेत, त्यांत एन्झाइम थोडे उतरलेले दिसतात, पण त्या भरवशावर उपचार उभा राहत नाही. आणि स्वयंपाकातली चिमूटभर हळद वेगळी, गाळून घट्ट केलेला अर्क वेगळा. मिऱ्यासोबतच्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेले रुग्ण अमेरिकेत नोंदले गेलेत. गुळवेलीनंतर तसेच ६ रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली मांडले. आयुष मंत्रालयाला मात्र ते मान्य नव्हतं. माझ्या डबीत नेमकं काय होतं ते तज्ज्ञांनाही सांगता येईना, कारण लेबलवर फक्त "प्रोप्रायटरी ब्लेंड ५०० मिग्रॅ", म्हणजे कंपनीचं स्वतःचं मिश्रण. कुठलं द्रव्य किती, काही नाही.

घरी येऊन भिंग घेऊन बसलो. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक १४ आकडी असतो, डबीवर १३. तीनदा मोजले. हा क्रमांक त्यांच्याच फॉसकॉस या संकेतस्थळावर टाकून बघता येतो, दोन मिनिटांचं काम. आणि खाद्यपूरक म्हणून विकलेल्या डबीला आजार बरा करण्याचा दावा करताच येत नाही. मोजण्याचं काम मी सात आठवडे उशिरा केलं.

अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिलाय, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवलीय. कच्च्या बिलावर पत्ता नाही, पोराचा फोन बंद. डबी मात्र फेकू नका. उरलेल्या गोळ्या आणि लेबल हाच तेवढा पुरावा हाती राहतो.

एन्झाइम खाली यायला अडीच महिने लागले. यकृतातली चरबी उतरायला वजन उतरवणं हाच खात्रीचा रस्ता, सात ते दहा टक्के. म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेलेच ते सहा ते आठ किलो. पोहे चालतात, तर्री नाही. सकाळी फुटाळा तलावाला चालायला जातो. त्या २८ पानांची मागची बाजू कोरी आहे. दर रविवारी वजन त्यावरच मांडतो. काल ७८.६ लिहिलं.