तीन दिवसांचं शांतता शिबिर: स्वयंपाकघराला पाच तारे, चर्चेला दोन

मार्च २०२५. मुलीने कॉलेजातून पत्रक आणलं: गोव्यातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या तरुणांसाठी निवासी शिबिर, शुक्रवार ते रविवार, जेवणखाण धरून १,२०० रुपये. सोबतीला मोठी बाई हवी होती म्हणून मीही गेले. मी डिचोलीत मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, शिबिरं पुष्कळ पाहिलीत. संस्थेचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती.

सासष्टीतलं जुनं घर, ऐसपैस. अठरा मुलींना दोन न्हाणीघरं, त्यावर अधिक काय लिहू? मात्र खोल्या वाटताना गावंही मिसळली होती आणि धर्मही, ते चांगलं केलं.

पहिल्याच दुपारी केटररने कोंबडीची शाकुती पाठवली. कोरेज्मातला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार, त्यामुळे ख्रिश्चन मुलं मांसाला हात लावेनात. मुसलमान मुलांचे रोजे. आमच्या डिचोलीच्या तिघी शाकाहारी. सर्वधर्मसमभावाच्या शिबिराचं पातेलं जवळजवळ भरलेलंच परत गेलं!

संध्याकाळी मीच म्हटलं, खतखतं करू, आमची गोव्याची मिश्र भाजी. भोपळा, रताळी, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा बाजारातून आल्या. तेफळं (तिरफळं) मात्र तीन दुकानं हिंडून मिळाली. नावेलीच्या एका मुलीने सुरी घेऊन विचारलं, "टीचर, कांदो कितलो बारीक?" खतखत्यात कांदा घालत नाहीत म्हटल्यावर तिला ते पटेचना. "मग चव कशी येणार?" ढवळायला सावर्ड्याचा मुलगा होता. त्याचा रोजा, मीठ चाखता येईना. मग तो डाव पुढे करी, नावेलीची चाखून "आनीक इल्लें" (आणखी थोडं) म्हणे आणि तो चिमूट टाकी. पावणेसातच्या सुमारास अजान झाली, तोवर चाळीस पोरं ताटं घेऊन गप्प उभी होती. त्याने खजूर तोंडात टाकला आणि मग सगळेच तुटून पडले. मीठ किंचित जास्त होतं.

चर्चा मात्र फसली. पत्रकात 'सीड्स ऑफ पीस'चा दाखला होता. अमेरिकेतल्या मेन राज्यात १९९३ पासून इस्रायली आणि पॅलेस्टिनी मुलांना एकत्र आणणारं ते शिबिर. तिथे मुलं एकाच झोपडीत झोपतात, एकत्र खेळतात. पण रोज एक सत्र प्रशिक्षित माणसांसमोर तोंडावर भांडायचंही असतं. आमच्याकडे झोपणं-खेळणं उचललं, भांडणाचं सत्र तेवढं गाळलं. शनिवारी त्याच सावर्ड्याच्या मुलाने २००६ च्या मार्चमधल्या सावर्डे-कुडचडेच्या हिंदू-मुस्लिम दंगलीचा विषय काढला. तेव्हा यातली बरीचशी मुलं जन्मलीही नव्हती. शिबिर घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "आपण सकारात्मक बोलूया," आणि फुगे फुगवायचा खेळ लावला.

वर समारोपाला शांतादुर्गेची गोष्ट सांगितली. अहो, हरी आणि हर भिडले तेव्हा देवी मध्ये उभी राहिली आणि दोन्ही हातांत दोन साप धरले. तिने काही फुगे वाटले नाहीत.

जे बोलायचं ते शेवटी मोरीपाशी झालं. माझी मुलगी भांडी घासताना त्या मुलाला म्हणाली, "मघाशी काय सांगत होतास?" तो म्हणाला, बाबांनी आठ दिवस दुकान उघडलं नव्हतं, आणि अजूनही मार्च आला की आई संध्याकाळी लवकर घरी ये म्हणते. नावेलीचीने विचारलं, "मग तू इथे येताना आईला काय सांगितलंस?" तो हसला. "क्रिकेटचा कॅम्प."

एकूण साडेतीन तारे. पैसे वसूल. पण आयोजकांनी वाद हाताळू शकेल असं कुणीतरी आणावं आणि तारखा ठरवताना सगळ्यांची कॅलेंडरं भिंतीवर लावावीत.

दुसरा टप्पा दिवाळीच्या सुट्टीत आहे. मुलगी जाणार म्हणते. तेफळं मी घरूनच बांधून देईन.