पाण्याचा इतिहास बघायला विजापूर की बेळगाव?

माझी भाची खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. मध्ये तिचा फोन आला. "मावशी, आठवीच्या पोरांची सहल काढायचीय. ‘शहराला पाणी कुठून येतं’ असा प्रकल्प दिलाय त्यांना. आपल्याकडं पाण्याचं म्युझियम आहे का कुठं?"

काचेच्या कपाटातलं नाही म्हटलं, पण उघड्यावर पडलेली दोन आहेत. एक विजापुरात, आदिलशाहीचं. दुसरं आपल्या बेळगावात. या दुसऱ्याला कुणी म्युझियम म्हणत नाही, कारण ते अजून कामावर आहे. दोन्ही मी पायाखाली घातलीत, विजापूर दोनदा. तिला फोनवर सांगितलं ते अर्धवटच होतं, म्हणून आता नीट लिहिते. तुमच्याही घरात किंवा शाळेत हा प्रश्न असेल तर उपयोग होईल.

आधी विजापूर, कारण बघण्यासारखं तिथं खरंच जास्त आहे. जवळ मोठी नदी नसलेल्या कोरड्या माळावर राजधानी वसवली, म्हणजे पाण्याची तजवीज आधी करणं भागच होतं. पहिल्या अली आदिलशहाच्या काळात शहराच्या पश्चिमेला तोरवीकडून जमिनीखालच्या बोगद्यातून पाणी आणलं. 1565 च्या लढाईत विजयनगर पडल्यावर विजापुरात माणसांची रीघ लागली आणि पाणी आणखी लागायला लागलं. 1579 ची चांद बावडी याच काळातली. शहराच्या पूर्व अंगाला आहे, तिच्यात सुमारे 2 कोटी लिटर पाणी मावतं म्हणतात. नाव चांदबिबीचं. अहमदनगरची म्हणून आपण तिला ओळखतो, पण ती नांदली विजापुरात.

सगळ्यात देखणी ताज बावडी. मलिक संदलने 1620 च्या सुमाराला बांधली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या राणीच्या, ताज सुलतानाच्या नावानं. दोन्ही बाजूला अष्टकोनी बुरूज, मध्ये 35 फुटी कमान, आणि कमानीतून आत गेलं की एकदम पायाखाली चौकोनी पाणी, 223 फूट बाजूचं, 52 फूट खोल. आपल्या घराची विहीर डोळ्यासमोर आणून इथं उभं राहिलं की तोंडाचा आ होतो. पाणी मात्र हिरवट. काही वर्षांपूर्वी गाळ काढला, तरी पिण्यासारखं ते आता नाहीच.

पण तुमचा विषय ‘शहराला पाणी कसं येतं’ हा असेल तर बावड्यांपेक्षा बेगम तलाव आणि गंज बघा. माझ्या मते विजापूरला जायचं खरं कारण हेच, आणि नेमकं हेच लोक गोलघुमटाच्या नादात सोडून येतात. बेगम तलाव 1651 सालचा, मुहम्मद आदिलशहाने जहान बेगमच्या आठवणीसाठी बांधलेला, 234 एकरांचा. तलावाशेजारी जमिनीत एक खोली आहे. तिथून खापरी नळांनी पाणी शहरात नेलं. नळ 15 ते 50 फूट खोल पुरलेले, एकात एक बसवलेले, वरून दगड-चुन्याचं बांधकाम.

आता गंमत बघा. मातीचा नळ आणि उतारावरून आलेलं पाणी. खालच्या टोकाला पाणी अडलं की मागचं सगळं वजन नळावर येणार आणि नळ फुटणार. म्हणून वाटेत ठिकठिकाणी 25 ते 40 फूट उंच बुरूज उभे केले, त्यांना गंज म्हणतात. पाणी गंजात वर चढतं, वर उघडं असल्यानं दाब तिथंच मोकळा होतो, मग पुढच्या नळात उतरतं. प्रत्येक तुकड्यानं आपल्यापुरताच भार सोसायचा. शिवाय पाणी क्षणभर थांबतं तेव्हा माती तळाला बसते आणि वरचं निवळ पाणी पुढं जातं. पुण्यात कात्रजच्या पेशवेकालीन नळावर उसासे, म्हणजे दाब मोकळा करायचे असेच बुरूज आहेत, त्यांचं नातं याच अकलेशी. आठवीच्या पोराला दाब हा धडा फळ्यावर समजला नाही तर गंजाखाली उभं करून समजतो.

गोलघुमटाच्या आवारात नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे. तिथं शिलालेख, हत्यारं, पोथ्या वगैरे. पाण्याचं फारसं काही नाही, तासाभराचं काम. शुक्रवारी बंद असतं, तेवढं बघून जा.

तोटे? अंतर. बेळगावहून दोनशे किलोमीटरच्या वर, बसनं पाच तास धरा. म्हणजे मुक्काम आला, मुक्काम म्हणजे पैसे आणि पालकांच्या सह्या. गंज शहरात विखुरलेले, काही घरांच्या आणि दुकानांच्या गर्दीत हरवलेले, दाखवणारा माणूस नसेल तर समोरून निघून जाल. मार्चनंतर ऊन सोसत नाही. आणि आपली पोरं गेल्या गेल्या विचारणार, अफझलखानाचा वाडा कुठाय? त्याच्या बायकांच्या म्हणतात त्या साठ कबरी कुठं? पाण्याचा विषय मग कमानीतून बाहेर. मास्तरांनी आधीच अर्धा दिवस त्याच्यासाठी काढून ठेवावा, नाहीतर सहल तिकडंच वाहून जाते.

आता बेळगाव. इथं बघायला ‘वा!’ म्हणावं असं एकच ठिकाण आहे, तेही लहानसं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर. डिसेंबर 1924 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन बेळगावला भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी सगळा घाट घातला. अधिवेशनाच्या वसाहतीला विजयनगर नाव दिलं आणि पाण्यासाठी विहीर खोदली, तिचं नाव पंपा सरोवर. हजारो माणसं येणार म्हटल्यावर पहिला प्रश्न मंडपाचा नव्हता, पाण्याचा होता! आज तिथं वीरसौध हे स्मारक आहे, आत अधिवेशनाचे फोटो लावलेत. मुलं फोटो बघतात आणि पुढं जातात. त्यांना विहिरीच्या काठावर थांबवा आणि विचारा, इतक्या माणसांना रोज किती घागरी लागतील? हिशेब त्यांनाच करू दे.

या विहिरीचा दुसरा अध्याय जास्त कामाचा आहे. 1995 च्या टंचाईत शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयानं तळ दाखवला, तेव्हा महापौर संभाजी पाटील यांच्या काळात शहरातल्या जुन्या विहिरी शोधून, गाळ काढून परत वापरात आणल्या. काँग्रेस विहीरही त्यात आली. नळ आल्यावर आपण ज्यांच्यात कचरा टाकला, गणपती सोडले, त्याच विहिरींनी तो उन्हाळा निभावून नेला. माझ्या माहेरी शहापुरात परड्यात आड होता. नळ आल्यावर त्यावर फरशी टाकून आम्ही कपडे धुवायचो. त्या वर्षी फरशी उचलली आणि खाली पाणी होतं. आजीला फार आनंद झाला, पाण्याचा कमी, आपलं म्हणणं खरं ठरल्याचा जास्त.

पुढचा टप्पा राकसकोप. बेळगुंदीच्या पुढं, शहरापासून पंधरा-सतरा किलोमीटर, मार्कंडेय नदीवर. 1962 पासून बेळगाव याच्यावर जगतं. पावसाळ्यात पेपरात रोज त्याची पातळी येते, 2475 फूट झाली की गाव सुटकेचा श्वास टाकतं. जलाशयाच्या पलीकडं लगेच चंदगड तालुक्यातलं तुडये. म्हणजे बेळगावच्या पिण्याच्या पाण्याची एक कड महाराष्ट्रात भिजते. पोरांना हा नकाशा दाखवाच. सीमेबद्दल घरी ऐकून आलेलीच असतात सगळी.

राकसकोपचं पाणी विजापूरसारखं नुसतं उतारानं येत नाही. हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनातून ते लक्ष्मी टेकडीवर चढवतात, तिथं तुरटीनं गाळ बसवून, वाळूतून गाळून, क्लोरीन घालून मग शहरात सोडतात. आदिलशाहीत जे काम उताराचं होतं ते इथं विजेचं आहे, म्हणून वीज गेली की नळ कोरडा. टेकडीवरच्या टाक्या बघितल्या की पोरांना कळतं, गंजाचं काम आता कोण करतं ते. शहर वाढल्यावर राकसकोप पुरेना, म्हणून हिडकल धरणातूनही पाणी आणलं. हिडकल म्हणजे घटप्रभेवरचा राजा लखमगौडा जलाशय, 51 टीएमसीचा, म्हणजे 51 अब्ज घनफूट पाण्याचा. आणि 2008 मध्ये बेळगावच्या काही भागांत, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याच्या काही भागांसारखंच, चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. एकाच शहरात एका गल्लीत चोवीस तास आणि पलीकडच्या गल्लीत चार-पाच दिवसांआड. यासारखा धडा कुठल्या म्युझियममध्ये मिळत नाही.

तोटा असा की यातलं अर्धं फाटकाच्या आत आहे. पंपिंग स्टेशन आणि जलशुद्धीकरण केंद्रासाठी शाळेच्या लेटरहेडवर आधी अर्ज करून परवानगी काढावी लागते. मागं आमच्या गल्लीतल्या मंडळानं एका ठिकाणी अर्ज दिला होता. तीन खेपा घालून शेवटी फाटकावरूनच परत आलो. म्हणून अर्ज महिनाभर आधी द्या आणि मुलांना पक्कं सांगू नका. परवानगी नाही मिळाली तर काँग्रेस विहीर, कपिलेश्वराचा तलाव, किल्ल्याचा खंदक आणि राकसकोपचा काठ एवढ्यावर दिवस भरतो.

निपाणी-चिकोडीकडच्यांना तिसरी वाट आहे. कोल्हापूर त्यांना बेळगावापेक्षा जवळ. कळंबा तलावाचं पाणी उतारानं शहरात आणून मंगळवार पेठेत साठवायचे, त्या जागेला आजही पाण्याचा खजिना म्हणतात. नुसत्या नावासाठीसुद्धा जावं असं ठिकाण, पण पूर्ण दिवसाचा ऐवज तिथं नाही. अंबाबाईच्या दर्शनाला जोडून करा.

तर निवड कशी करायची? तुम्ही मोठी माणसं असाल, दगड आणि बांधकामाची आवड असेल, दोन दिवस हातात असतील, तर डोळे झाकून विजापूर. गोलघुमटाला जाणारच असाल तर इतकंच करा की ताज बावडी आणि बेगम तलाव आधी, घुमट दुपारनंतर. उलट केलंत तर पाय दुखायला लागतात आणि बावडी ‘पुढच्या वेळी’ राहते. माझीही पहिल्या खेपेला राहिलीच.

शाळेची पोरं असतील तर मी बेळगावच म्हणेन, देखणं नसलं तरी. विजापूरचं पाणी आता नळात नाही, तिथलं शहर आज कृष्णेच्या पाण्यावर आहे. 1686 मध्ये औरंगजेबानं शहर घेतलं, वस्ती उठली, नळ निगेवाचून पडले. पोरांना ती गोष्ट वाटते, स्वतःची तहान वाटत नाही. राकसकोपच्या काठावर उभं राहून संध्याकाळी मावशीच्या घरच्या नळाला तोच वास आला की दोन्ही टोकं जुळतात. त्यानंतर नववीत विजापूर करा. तोवर गंज म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही, त्यांनी टेकडीवरची टाकी बघितलेली असेल.

भाचीनं बेळगाव ठरवलंय, नोव्हेंबरात, जलाशय भरलेला असतो तेव्हा. तिला एवढंच सांगितलं की तारीख पक्की करायच्या आधी मला विचार. आमच्या गल्लीत पाणी सोडायचा वार वॉलमनकडून कळतो, तोच दिवस गाठला तर चाळीस पोरांना चहाचं पाणी तरी मिळेल.